सर्जाचं आवतण

घोड्याला घेऊन कॅम्पिंगला जायची हौस मला कधीच नव्हती. खरं तर कॅम्पिंगचीच नव्हती. आठवडाभर कार्डिफमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरपुढे डोळे फोडल्यावर शनिवार-रविवारी स्वतःच्या गादीवर आडवं व्हावं, एवढंच माझं मागणं असे. ते सोडून मी वर्षानुवर्षं ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला जोडून, नदीकाठच्या झाडीत, ओल्या गवतावर, एका घोड्यापासून हाकेच्या अंतरावर पाठ मोडून घेतली, याला कारण शकूताई. त्यांना नाही म्हणता येत नसे. म्हणजे आपण म्हणायचो, पण त्या ऐकून घेत नसत.

शकुंतला वानखेडे. मूळच्या वर्ध्याजवळच्या एका खेड्यातल्या. नर्स म्हणून ऐन तरुणपणी इकडे आल्या, कार्डिफच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर झाल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. नवरा डॉक्टर होता. तो लवकर गेला. एक मुलगी, नीता, इथेच जन्मलेली, वॉटफर्डला नोकरीला. आम्ही नवरा-बायको पुण्याहून नवीन आलो तेव्हा शकूताई आमच्या मागच्याच रस्त्यावर एकट्या राहत होत्या. एकट्या म्हणजे, घरात एकट्या. गावाबाहेरच्या एका यार्डात, म्हणजे भाड्याच्या तबेल्यात, त्यांचा सर्जा होता.

माझी त्यांची पहिली भेट मंडळाच्या गणपतीत झाली. भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये सगळे जरीकाठात, आणि ह्या बाई गुडघ्यापर्यंतचे वेलिंग्टन बूट घालून, अंबाड्यात गवताची काडी अडकलेली, हातात मोदकांचा डबा. सरळ यार्डातून आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय रे, दमला काय?" ओळख ना पाळख. मी खरोखरच दमलो होतो. व्हिसाचं टांगलेलं होतं, ऑफिसात प्रोजेक्ट मान मोडत होता, बाहेर पाऊस, घरात हीटिंग बंद पडलेलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेशंटचं ऐकावं तसं मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. दमायला मिळून राहिलं तुला."

मला वाटलं बाई चेष्टा करतायत. पण ते त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पडून पडून ज्यांना दमताही येत नाही अशी माणसं त्यांनी वॉर्डात जन्मभर पाहिली होती. तेव्हापासून कुणी दमलो म्हणालं की त्याची कीव करायची नाही, असा त्यांचा नेम होता. स्वतः मात्र कायम दमलेल्या असत. चेहऱ्यावर रात्रपाळीतून सुटून आल्याचा भाव रिटायर होऊनही गेला नव्हता. उजवा गुडघा धरलेला. खुर्चीत बसताना आधी हात टेकायच्या, मग डोळे मिटायच्या, मग बसायच्या. आणि बसल्या की पाच मिनिटांत उठून यार्डाकडे.

एवढ्या दमलेल्या बाईने घोडा का पाळावा, हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "इथं बैल कुठे ठेवू देणार?" लहानपणी वडिलांकडे सर्जा-राजाची जोडी होती, त्यातला सर्जा त्यांच्या हातून खायचा. तेवढं डोक्यात पक्कं बसलेलं. पुढे कधीतरी वॉर्डात एक म्हातारा वेल्श शेतकरी होता, त्याचा जीव घोड्यात अडकलेला. शकूताई सुट्टीच्या दिवशी बस बदलत घोड्याकडे जायच्या आणि येऊन त्याला खबर द्यायच्या. पाणी पितो का, पाय कसे आहेत, पाठीवर कांबळं घातलंय का. शेवटी म्हाताऱ्याने विचारलं, माझ्यामागे त्याला कोण बघणार? ह्या म्हणाल्या, मी. तोवर घोड्यावर एकदाही बसल्या नव्हत्या. पन्नाशी उलटल्यावर शिकल्या. पांढरा, जाडजूड मानेचा, पायांवर केसांचे झुपके असलेला तो वेल्श घोडा मग सर्जा झाला. यार्डातली मंडळी त्याला आपली सोयीने 'सार्ज' म्हणत.

माणसांशी शकूताई शुद्ध मराठीत बोलत, निदान तसा प्रयत्न करत. सर्जाशी मात्र अस्सल वऱ्हाडीत. "काहून बाप्पा, आज लयच तोरा आला तुले?" असं त्या खूर साफ करता करता म्हणत आणि तो वेल्श प्राणी कान मागे करून ऐके. फार दमल्या की मग माणसांशीही वऱ्हाडी सुरू व्हायची. त्यावरून आम्हाला कळायचं, की आज बाईंना चहा आपण करून द्यायचा.

तर कॅम्प. कार्डिफपासून तासा-दीड तासावर एका नदीच्या वळणाशी ओकच्या झाडीत एक पार्क होता. तंबू लावायच्या जागांपैकी चार-दोन जागा घोडेवाल्यांसाठी राखलेल्या. आपला तंबू अलीकडे, लाकडी कठड्यात घोडा पलीकडे. झोपताना कापडाच्या पलीकडून गवत चावल्याचा आवाज येत राही. शकूताई म्हणत, ह्याच्यासारखी झोपेची गोळी नाही. मला काही त्या आवाजाने झोप येत नसे, पण तो थांबला की जाग मात्र येई.

सगळी शिस्त वॉर्डातली. स्लीपिंग बॅगसुद्धा त्या चादरीसारख्या कोपरे दुमडून लावत. सकाळी चहा मिळे तो आधी घोड्याला पाणी देऊन झाल्यावर. आणि लीद. पार्कचा वॉर्डन गॅरेथ म्हणून एक अबोल माणूस होता. बाकीच्या घोडेवाल्यांच्या मागे तो दिवसभर कुरकुरत फिरे, पण शकूताईंच्या कुंपणापाशी कधी थांबला नाही. त्या दिवसातून तीनतीनदा लांब दांड्याचा फोर्क घेऊन लीद गोळा करायच्या. निघायच्या दिवशी तर गवताची काडीसुद्धा ठेवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, शकूताई, जंगल आहे, कुजेल आपोआप. तर म्हणाल्या, "आपल्यामागे दुसऱ्या कोणाला वाकायला लावू नये." गुडघा धरलेली बाई हे वाकूनच सांगत होती.

बँक हॉलिडेचा मुहूर्त पोळ्यासाठी होता. श्रावणी अमावास्या कधी त्या आठवड्यात येई, कधी येत नसे. आमच्यातल्या एका पुणेकराने (तो मी नव्हे) पंचांग काढून वाद घातला, तर म्हणाल्या, सर्जाला पंचांग वाचता येत नाही आणि तुला सोमवारी सुट्टी आहे, मग अडचण काय? आदल्या संध्याकाळी त्या सर्जाला नदीवर नेऊन धूत. लोणी आणि हळद घेऊन त्याचे खांदे चोळत. त्या खांद्यांवर जू कधी चढलं नव्हतं, पण रीत ती रीत. पांढऱ्या घोड्यावर ती हळद अशी काही बसे की पुढचे कित्येक दिवस यार्डातले लोक ह्याला कावीळ झाली का म्हणून विचारत. आणि मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

बैलाला पोळ्याच्या आदल्या दिवशी असं जेवायचं आमंत्रण द्यायचं असतं, हे मला पुण्यात वाढून ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांनी बैलांशी ते बोललेलं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. बोलताना त्यांचा आवाज वेगळाच होई.

पहिल्या वर्षी ते आवतण आमच्या चांगलंच अंगाशी आलं. मंडळातली पाच-सहा कुटुंबं हौसेने आली होती. शकूताईंनी घरून पुरणपोळ्यांचा डबा करून आणला होता. पूजा झाली, आरती झाली, आणि पहिली पोळी त्यांनी स्वतः सर्जाच्या तोंडात दिली. मग काय, प्रत्येकाला नैवेद्य द्यायचा होता. पोरांनी दिल्या, पोरांच्या आयांनी दिल्या, फोटोत नीट आलं नाही म्हणून काहींनी पुन्हा दिल्या. सर्जाही आनंदाने खात होता. बैलाला चालतं ते घोड्याला का चालू नये, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. इतकी वर्षं घोडा सांभाळलेल्या, हाडाच्या नर्स असलेल्या शकूताईंनासुद्धा वाटलं. त्या दिवशी त्यांच्या लेखी तो घोडा नव्हताच.

दुपारी सर्जा खुराने जमीन उकरायला लागला. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघे, मग खाली बसे, लोळे, पुन्हा उठे. घामाने हळद ओघळून पोटावर आली होती. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ, इथले लोक कोलिक म्हणतात तो, त्याच्या जिवावर बेतू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. शकूताईंनी त्याचा दोर धरला आणि नदीकाठच्या वाटेने त्याला चालवायला सुरुवात केली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तो लोळायला गेला की ओढून उभा करायच्या. लोक एकेक करून गुपचूप तंबू गुंडाळून गेले. सकाळी ऑफिस नव्हतं, पण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मी आणि माझी बायको मेधा तेवढे राहिलो. मी दोर घेऊ का विचारलं, तर त्यांनी ऐकलंच नाही.

व्हेट आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याने नाकातून नळी घालून औषध सोडलं, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, काय खाल्लं याने? डाळीच्या गोड पोळ्या, असं मेधाने कसंबसं इंग्रजीत सांगितलं. किती? ते कुणालाच सांगता येईना. तेव्हा शकूताई म्हणाल्या, "इट्स माय फॉल्ट. आय इन्व्हायटेड हिम टू डिनर." व्हेटला त्यात काय कळलं असेल कोण जाणे. पण त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अंधार पडता पडता सर्जाने लीद टाकली आणि शकूताई ओल्या गवतात मटकन बसल्या. लीद बघून आनंदाने रडणारी बाई मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

त्यानंतर नियम झाला. पोळा व्हायचा, आवतण व्हायचं, पुरणपोळीचं ताट कठड्यापाशी न्यायचं, सर्जाला लांबून दाखवायचं आणि माणसांनी खायचं. त्याला फक्त गाजर. नवीन आलेल्या प्रत्येकाला हा नियम त्या स्वतः दटावून सांगत. पण ताट मागे घेताना त्यांचा चेहरा पडे. जेवायला बोलावून पाहुण्याला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं गं, असं एकदा मेधापाशी म्हणाल्याही होत्या.

नीताला हे सगळं मान्य नव्हतं. मुलगी चांगली होती, आईवर जीव होता. पण वॉटफर्डहून रोज फोनवर काळजी करून तीही कंटाळली होती. एका हिवाळ्यात शकूताई यार्डातल्या बर्फावर पडल्या, मनगट मोडलं. त्या वेळी आईचा हात प्लास्टरात आणि नीता आमच्या स्वयंपाकघरात, असा तह झाला. ज्या वर्षी आईला घोडा घेऊन कॅम्पला जाता येणार नाही, त्या वर्षी तिने घर विकून वॉटफर्डला यायचं. तोवर नीता एक अक्षर काढणार नाही. शकूताईंनी लगेच मान डोलावली. मला वाटलं, ह्यांनी थकून मान्य केलं. त्यांना वाटत होतं, सर्जा आपल्याला पुरून उरेल.

पण सर्जा म्हातारा झाला, आणि त्यांच्या आधी झाला. पहिल्यांदा दात गेले. गवताचा घास चावून चावून त्याचा ओला गोळा करी आणि तो गिळता न येऊन खाली टाकून देई. कुंपणात असे गोळे पडलेले दिसत. शकूताई त्याचा दाणा भिजवून, मऊ लगदा करून बादलीत देऊ लागल्या. त्यासाठी यार्डात दिवसातून तीनदा खेपा. मागचे पाय आखडले, मग त्यांनी पाठीवर बसणं सोडलं. कॅम्पला आता सर्जा ट्रेलरमधून यायचा आणि नदीपर्यंत दोघं चालत जायची, एक पुढे लंगडत, एक मागे. ओढणारं कोण आणि ओढलं जाणारं कोण, ते लांबून कळत नसे.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्या वर्षी आमचंही ठरलं होतं. कंपनीने मला पुण्याला परत बोलावलं होतं, ऑक्टोबरात निघायचं होतं. मला वाटलं होतं हुरूप येईल. सामान बांधून बांधून नुसता शीण आला होता. वसंतात सर्जाच्या बरगड्या दिसायला लागल्या. भर उन्हाळ्यात, गवत सगळ्यात चांगलं असतानाही तो भरला नाही. व्हेटने स्वच्छ सांगितलं, की हा थंडी काढणार नाही, आणि थंडीत पडला तर उठणार नाही; हाल होऊ द्यायचे नसतील तर त्याआधी इंजेक्शन देऊन त्याला कायमचं निजवलेलं बरं. शकूताईंनी एवढंच विचारलं, की बँक हॉलिडे होऊ देता येईल का. तो हो म्हणाला. पुढचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं की म्हणायच्या, बघू, कॅम्पला त्यालाच विचारते.

त्या कॅम्पला आम्ही चौघंच होतो. मी, मेधा, शकूताई, आणि बऱ्याच वर्षांनी नीता. नीता मुद्दाम रजा काढून आली होती. शनिवारी संध्याकाळी आई घोड्याला घेऊन नदीकडे गेली तेव्हा ती माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "घोडा किती म्हातारी झाली ना. आई पण. आय डोन्ट वॉन्ट टू विन धिस, यू नो?" तिला तो तह जिंकायचा नव्हता. नदीच्या उतारावर सर्जा थांबला होता. शकूताईंनी दोर ओढला नाही. त्याही थांबल्या. त्या उतारावर दोघं बराच वेळ नुसती उभी राहिली आणि मग पाण्याला पाय न लावता माघारी आली. शकूताईंनी बादलीत पाणी आणून त्याला कठड्यापाशीच धुतलं. हळद लावली. मग कानाशी तोंड नेऊन आवतण दिलं. ह्या वेळी त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत, त्याचीच मान इतकी खाली होती.

पुढचं मला पुण्यात फोनवर कळत गेलं. घर विकलं, वॉटफर्डला नीताने खालची खोली करून दिली, तिथल्या मंडळात शकूताई हळदीकुंकवाला जातात, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आवाज बरा वाटायचा. पण माझ्या डोळ्यांसमोर वॉटफर्डच्या शकूताई येत नाहीत. येतात त्या कॅम्पमधल्या त्या रविवारच्या.

सकाळी पूजा झाली. मेधाने आरती म्हटली. शकूताईंनी ताट उचललं आणि आम्ही नेहमीप्रमाणे वाट बघत राहिलो, की आता लांबून दाखवतील आणि मागे घेतील. त्यांनी ताट खाली ठेवलं. कठड्याचा आडवा दांडा काढला आणि आत गेल्या. सर्जाची बादली पुढे ओढली, त्यात कोमट पाणी घेतलं आणि उकिडवं बसून त्यात एक पुरणपोळी कुस्करायला लागल्या. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुस्करून देतात तशी, बोटांनी, गुठळी राहू न देता.

नीता पुढे झाली. "आई, हे अलाउड नाहीये. त्याला कोलिक होईल."

शकूताईंनी वर पाहिलं नाही. "मंगळवारी डॉक्टर येऊन राहिला, नीता. म्याच बोलावला. आता नाही होत त्याले काही."

नीता जिथल्या तिथे उभी राहिली. मेधाने तिचा हात धरला.

"किती वर्षं झाली," शकूताई म्हणाल्या, नीताला की सर्जाला ते कळलं नाही, "नुसतं आवतणच देऊन राहिली मी याले. आज जेवून घेऊ दे."

सर्जा खायला लागला. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, पण एकही गोळा त्याने खाली टाकला नाही. बादली चाटूनपुसून साफ केली. शकूताई त्याच्या पिवळ्या खांद्याला कपाळ लावून उभ्या होत्या. मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण बघितलं नाही.

आम्ही त्याच सकाळी लवकर निघणार होतो, आमचं घर बघायला कुणीतरी येणार होतं. गाडीत सामान टाकून मी निरोप घ्यायला कठड्यापाशी गेलो, तर शकूताई फोर्क घेऊन लीद गोळा करत होत्या. खाली वाकायच्या, गुडघ्यावर हात दाबून उठायच्या, पुन्हा वाकायच्या. मी आत जाऊन फोर्कला हात घातला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दमू दे मला."

मी हात काढून घेतला. गाडी वळवताना आरशात दिसलं, त्या पुढे सरकत होत्या आणि सर्जा त्यांच्या मागे मागे, खिशातलं गाजर हुंगत.